दगडातला हत्ती, म्हणीतला गेंडा

औंढ्याला नागनाथाच्या देवळाभोवती प्रदक्षिणा घालताना भिंतीकडे लक्ष ठेवले की दगडातले हत्ती भेटतात. यादवकाळातल्या ज्या पाथरवटांनी ते कोरले, त्यांच्यासाठी हत्ती हा डोळ्यांसमोरचा प्राणी होता. पलीकडे हिंगोली शहरात दर अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घ्यायला लाखो माणसे रांगेत उभी राहतात, आणि तो देवही गजमुखीच. आमच्या बोलण्यात तर हत्ती पावलोपावली आहे. ऐपतीबाहेरचा खर्च म्हणजे हत्ती पोसणे, भरभराट म्हणजे दारी हत्ती झुलणे आणि थोरांचा निभाव लागत नाही तिथे लहानाने उडी घेतली की हत्ती बुडतो अन् शेळी ठाव मागते. मात्र सेनगावपासून वसमतपर्यंत पाचही तालुक्यांत रानहत्ती एकही नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला सर्कशीत, मिरवणुकीत, नाहीतर मोबाइलवर.

गेंड्याची गोष्ट याहून उदास आहे. तो देवळातही नाही आणि रानातही नाही. मराठीत तो उरला आहे एका वाक्प्रचारापुरता: निर्ढावलेल्या माणसाला आपण गेंड्याच्या कातडीचा म्हणतो. खऱ्या गेंड्याची कातडी जाड असली तरी ऊन आणि माश्यांपुढे ती नाजूकच. म्हणून तर तो दिवसाचे कितीतरी तास चिखलात लोळून काढतो.

हिंगोलीत बसून या दोन प्राण्यांचा आढावा घ्यावा असे वाटले, त्याला कारण आहे. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्र पुन्हा रानहत्तींचे राज्य झाला आहे. २००२ पासून नैर्ऋत्येकडून, सिंधुदुर्ग-कोल्हापुरात. २०२१ पासून पूर्वेकडून, गडचिरोलीत. आपण मात्र अजून त्यांना चुकून आलेले पाहुणे समजतो, आणि चुकून आलेल्या पाहुण्याला वाटेला लावायचे असते एवढ्याच बेताने सगळे निर्णय घेतो. हा समज मुळातच खोटा आहे. तो खोटा का, हे समजायला फार मागे जावे लागते.

१९७४ साली प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला, एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही भरीव, चौघांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. गेंडा एकोणीस सेंटिमीटर उंच, हत्ती पंचवीस. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. अनेकजण त्या उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. ओतणारे हात प्रवरेकाठचे होते की वस्तू उत्तरेकडून आल्या, हा प्रश्न वेगळा. माझे लक्ष अडकते ते त्या तीन जनावरांच्या निवडीत. हत्ती, गेंडा आणि म्हैस हे तिघेही पाण्याकाठचे, ओल्या गवताचे, दलदलीचे सोबती आहेत. आज आसामातल्या काझीरंगाच्या एकाच कुरणात तिघे शेजारी शेजारी चरताना दिसतात.

याहून मागे गेलो तर पुरावा हाडांचा आहे. गोदावरीच्या गाळात नांदूर मधमेश्वरजवळ सापडलेल्या प्राचीन हत्तीच्या जीवाश्माचे वर्णन गाय पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने १९०५ साली छापले. हा आजच्या हत्तीहून पुष्कळ मोठा, आता नामशेष झालेला प्रकार. गेंड्याचा पुरावा मराठी मुलखाच्या सीमेवर, बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकजवळ मिळाला. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली त्याचे वर्णन केले आणि त्या जातीला दख्खनचेच नाव दिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया १९४०च्या दशकात गुजरातेत लांघणजला उत्खनन करत होते, तेव्हा त्यांना मध्याश्मयुगीन माणसाने ऐरणीसारखे वापरलेले गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले. आज लांघणजच्या आसपास कोरडी, वाळूची जमीन आहे. एके काळी तिथे गेंडा चरत होता, तर दख्खनच्या नद्यांकाठचे जुने रूप डोळ्यांसमोर आणणे फार अवघड नाही.

हत्तीचा माग तर लिखित काळातही सुटत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोणत्या प्रदेशातला हत्ती कसा, याची प्रतवारी आहे. कलिंग आणि अंग इथले हत्ती उत्तम, दशार्ण आणि अपरान्तातले मध्यम, सौराष्ट्रातले कनिष्ठ. अपरान्त म्हणजे आपले कोकण. त्याच ग्रंथात राज्याच्या सीमेवर हत्तींसाठी वन राखावे आणि हत्ती मारणाऱ्याला देहदंड द्यावा असेही सांगितले आहे. त्यामागे भूतदया नव्हती, लष्करी गरज होती. तरीही हत्तीसाठी रान राखायचे ही कल्पना आपल्याकडे दोन हजार वर्षे जुनी आहे, एवढे त्यातून कळते. सातवाहनांनी नाण्यांवर हत्ती उमटवला. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत षड्दंत जातकाची चित्रे आहेत: सहा सुळ्यांचा गजराज शिकाऱ्याला आपले सुळे स्वतःहून देतो, ती कथा. कळपाची हालचाल, कमळांच्या तळ्यातली मस्ती, पिलांचे मोठ्यांच्या पायांत घुटमळणे त्या चित्रकारांनी ज्या जाणतेपणाने रंगवले आहे, ते पाहून त्यांनी हत्ती रानात पाहिले होते असेच मला वाटते.

सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फझलने आईन-ए-अकबरीत हत्ती सापडणाऱ्या जंगलांची यादी दिली. त्यात माळव्यातली हंडिया, चंदेरी, रायसेन आणि बिजागड ही नावे आहेत. बिजागड आजच्या खरगोन जिल्ह्यात, म्हणजे खानदेशाच्या उंबरठ्यावर. चारशे वर्षांपूर्वी नर्मदा-तापीच्या मधल्या डोंगरांत हत्ती होते, आणि हत्तीला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. पुढे पकड, जंगलतोड, कापसाची शेती आणि रस्ते यांनी मध्य भारतातला हत्ती मागे रेटत पूर्वेला नेला. एकोणिसावे शतक संपेपर्यंत ही दुनिया एवढी पुसली गेली, की पुढच्या पिढ्यांना महाराष्ट्रात हत्ती असणे हीच नवलाची गोष्ट वाटू लागली.

गेंडा का गेला आणि परत का येऊ शकत नाही, हे आधी सांगतो, कारण हत्तीचे वेगळेपण त्यातूनच कळते. एकशिंगी गेंडा हा पुराच्या गवताचा प्राणी. दरवर्षी नदी पसरावी, गाळ टाकून ओसरावी, मग त्या गाळात माणसाहून उंच गवत यावे, मधे मधे डबकी राहावीत, हे त्याचे घर. सिंधूपासून ब्रह्मपुत्रेपर्यंत असे पट्टे सलग होते. बाबराने १५१९ साली सिंधूकाठी गेंड्याची शिकार केली आणि आपल्या आठवणींत ती नोंदवली. पण नदीकाठची गाळाची जमीन हीच माणसाचीही सर्वांत लाडकी जमीन. नांगर तिथे पोचला आणि गवत गेले. शिंगाच्या हव्यासाने उरलेले काम केले. हे शिंग म्हणजे आपल्या नखांत असते तेच केराटिन, यापलीकडे काही नाही, तरी त्यासाठी आजही बंदुका चालतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काझीरंगात मोजके गेंडे उरले होते. १९०५ साली तिथे राखीव वनाची पावले पडली आणि शंभर वर्षांच्या राखणीनंतर २०२२च्या गणनेत तिथे २,६१३ गेंडे मोजले गेले. नेपाळात २०२१ साली ७५२ होते. जगभरात आता ही जात चार हजारांच्या पुढे आहे, आणि वन्यजीव रक्षणाच्या इतिहासात इतके मोठे यश क्वचितच मिळाले आहे. २०२१च्या जागतिक गेंडा दिनी आसाम सरकारने बोकाखातला साठ्यातली २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली, तो एक ठाम निरोप होता. पण या यशाच्या पोटात एक भीती आहे. इतके सारे गेंडे एकाच नदीच्या एका काठावर एकवटलेले आहेत. एखादा रोग, एखादा भलताच महापूर आला तर काय होईल? म्हणून गेंडे दुसरीकडे वसवायचे प्रयत्न झाले. १९८४ साली आसामातून काही गेंडे उत्तर प्रदेशातल्या दुधव्याला आणले, आणि पाठोपाठ नेपाळकडून चार माद्या मिळाल्या. त्यांच्या बदल्यात भारताने सोळा पाळीव हत्ती दिले होते. गेंड्यासाठी हत्ती, असा हा सौदा. तिथे आज गेंडा टिकला आहे, पण बहुतेक काळ कुंपणाच्या आत.

दुसऱ्या दोन आशियाई गेंड्यांची अवस्था पाहिली तर काझीरंगाचे मोल कळते. जावाचा गेंडा जावा बेटाच्या एका टोकाला, उजुंग कुलोनमध्येच उरला आहे आणि सुमात्राचे गेंडे पन्नासच्याही आत आले आहेत.

आमच्या पूर्णा, कयाधू आणि पैनगंगेच्या काठी उंच गवताचा असा एक तुकडाही आज नाही. गाळाच्या जमिनीवर ऊस, हळद, सोयाबीन आहे. पूर येलदरी, सिद्धेश्वर, इसापूरच्या भिंतींनी बांधलेला आहे. त्यावर आमची पोटे चालतात, तेव्हा त्याबद्दल रडगाणे गाण्यात अर्थ नाही. गेंडा चालत परत येत नाही, कारण त्याला लागणारे घर मधल्या हजार किलोमीटरमध्ये कुठेच नाही. हत्ती येतो, कारण तो घराच्या बाबतीत हट्टी नाही. गवत, बांबू, झाडाची साल, फळे, मोहफुले, भात, ऊस, केळी यांतले काहीही त्याला चालते. त्याला लागते ते पाणी, दिवसा दडायला सावली आणि या दोन्हींच्या मधली वाट.

ही वाट म्हणजे काय, ते त्याच्या देहाच्या हिशेबातून समजते. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोंच्या आसपास चारा खातो आणि दिवसातले सोळा-अठरा तास खाण्यातच घालवतो. त्यातला पुष्कळसा अर्धवट पचतो आणि लिदीवाटे बियांसकट दूरवर पडतो. म्हणूनच हत्तीला रानाचा पेरणारा म्हणता येते. एका जागी थांबला तर तो ती जागा उजाड करील, त्यामुळे फिरणे हा त्याचा स्वभाव नाही, गरज आहे. कळप वयस्क मादीच्या आठवणीवर चालतो. दुष्काळात कोणते पाणी आटत नाही, कोणत्या डोंगरावर कोणत्या महिन्यात बांबू कोवळा असतो हे तिला माहीत असते. नर दहा-पंधरा वर्षांचा झाला की कळपातून बाहेर पडतो आणि नवे प्रदेश बहुधा असे तरुण नरच आधी धुंडाळतात. पिकात शिरण्याचे धाडसही त्यांचेच जास्त, असे रमण सुकुमार यांनी १९८०च्या दशकात दक्षिणेतल्या अभ्यासातून दाखवले होते: धोका मोठा, पण एका रात्रीत मिळणारे अन्नही मोठे. मादीचा गर्भकाळ अठरा ते बावीस महिने आणि दोन पिलांत चार-पाच वर्षांचे अंतर. एक मादी मेली तर ती पोकळी भरायला एक पिढी लागते.

देशाचा हिशेबही नुकताच बदलला. २०१७च्या गणनेत भारतात सत्तावीस हजारांवर हत्ती सांगितले गेले होते. २०२५च्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या नव्या अंदाजात तो आकडा २२,४४६ आहे. याचा अर्थ पाच हजार हत्ती मेले असा नाही. मोजण्याची पद्धत बदलली. यावेळी रानातून लिदीचे २१,०५६ नमुने गोळा करून डीएनएवरून ४,०६५ हत्ती वेगवेगळे ओळखले आणि त्यावरून अंदाज बांधला. जुन्या आणि नव्या आकड्यांची वजाबाकी करू नये, हे अभ्यासकांनीच सांगितले आहे. कर्नाटकात सर्वांत जास्त, ६,०१३, आसामात ४,१५९, महाराष्ट्राच्या नावावर ६३. हे त्रेसष्ट देशाच्या मानाने काहीच नाहीत. पण ज्या राज्यात चाळीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे खातेच नव्हते, त्याच्यासाठी ही संख्या लहान नाही.

२००२ साली कर्नाटकातल्या दांडेलीच्या रानांतून हत्ती मांगेलीच्या बाजूने दोडामार्गात उतरले. काळी नदीवरच्या धरणांनी त्यांची जुनी राने बुडवली होती, खाणी आणि शेती वाढली होती. दोडामार्गात त्यांना तिलारी धरणाचे पाणी, बांबू, केळी, नारळ आणि सुपारीच्या बागा असा बारमाही संसार मिळाला. दोन वर्षांत ते घाट चढून चंदगड-आजऱ्याच्या उसात आणि नाचणीत पोचले. माडाची बाग म्हणजे कोकणी शेतकऱ्याच्या दोन पिढ्यांची पुंजी. वीस वर्षे वाढवलेला माड हत्ती गाभ्यासाठी एका रात्रीत आडवा करतो. नुकसानभरपाईचा पंचनामा फळांची संख्या मोजतो. त्यात वीस वर्षे कुठेच येत नाहीत. या लोकांचा संताप मला समजतो आणि शहरात बसून त्यांना सहजीवनाचे धडे देणाऱ्यांचा मला राग येतो.

तरीही सरकारने त्या संतापाला जी उत्तरे दिली, ती फसलेली आहेत. २०१५ साली माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडून आंबेरीला ठेवले. त्यातले दोन बंदिवासात मेले. पकडून दूर सोडलेला हत्ती शेकडो किलोमीटर चालत माघारी येतो, हा श्रीलंकेसह अनेक ठिकाणचा अनुभव आहे. आणि एक काढला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, कारण वाट तीच आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये दोडामार्गातल्या मोर्ले गावात एका वयस्क शेतकऱ्याचा हत्तीने बळी घेतला. त्याच वर्षी ओंकार नावाने ओळखला जाणारा तरुण नर गोव्यात पेडण्यापर्यंत जाऊन आला. पुन्हा तीच मागणी झाली: पकडा, न्या. वीस वर्षांत तिथली एक पिढी हत्ती पाहत मोठी झाली, तरी आपले धोरण पहिल्या दिवसावरच आहे.

दरम्यान तिलारी खोऱ्याचे रूप पालटत गेले. दोडामार्गातली मिश्र राने तोडून रबराची एकसुरी लागवड झाली. रबराच्या बागेत हत्तीला खायला काही नाही, मग तो खाली बागायतीत उतरतो. २०२० साली तिलारीच्या साडेएकोणतीस चौरस किलोमीटरांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याच्या संरक्षणासाठी उच्च न्यायालयाने आदेश दिले. हे योग्यच झाले. पण रान राखणे आणि माणसाच्या बागेची हमी घेणे ही कामे एकाच हाताने केली तरच गावकरी त्या रानाचा वैरी होणार नाही.

पूर्वेची कहाणी वेगळी आहे. २०२१च्या ऑक्टोबरात ओडिशाकडून छत्तीसगढमार्गे वीसेक हत्तींचा कळप धानोऱ्याच्या बाजूने गडचिरोलीत शिरला. इथे एकटे-दुकटे नर नव्हते, माद्या आणि पिलांसह अख्खे कुटुंब आले होते. पुढच्या वर्षी ते गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या परिसरापर्यंत गेले. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली ज्या नवेगावात वर्षानुवर्षे राहिले, जिथल्या पक्ष्यांवर आणि तळ्यांवर त्यांनी इतके लिहिले, त्या रानात त्यांच्या नोकरीच्या काळात रानहत्ती नव्हते. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. जिवंतपणी त्यांच्या कानावर ही बातमी पोचली असेल, या विचाराने मला उगाच बरे वाटते.

हे कुटुंब एकाएकी उठून आलेले नाही. ओडिशा आणि झारखंडात लोखंड व कोळशाच्या खाणी वाढल्या, तसे हत्ती १९८०च्या दशकापासून छत्तीसगढात सरकू लागले. तिथून काही मध्य प्रदेशात गेले, २०१८ पासून बांधवगडात स्थिरावले. २०२४च्या ऑक्टोबरअखेर तिथे तीन-चार दिवसांत दहा हत्ती मेले. बुरशी लागलेल्या कोदोचे उभे पीक त्यांनी खाल्ले होते आणि त्यातल्या विषाने त्यांचा जीव घेतला. हत्तीला नवे असलेले पीक आणि पिकाला नवा असलेला हत्ती, यांची अशी गाठ पडते. गडचिरोलीतही तेच झाले. घरात साठवलेले धान आणि मोहफुले यांच्या वासाने हत्ती झोपड्यांच्या भिंती पाडतात. गोंड-माडिया घरांत मोह हे अन्न आहे, औषध आहे, वर्षाची मिळकत आहे. वाघ-अस्वलाशी कसे वागावे हे तिथल्या माणसाला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. हत्तीबद्दलचे ते ज्ञान मात्र मधल्या दोनशे वर्षांत गळून गेले. काहींचे प्राण हत्ती बघायला, मोबाइलवर टिपायला जवळ गेल्याने गेले.

याच गडचिरोलीत, अहेरी तालुक्यात, कमलापूरला वन खात्याची हत्तीछावणी आहे. लाकूड ओढण्याच्या काळातले ते पाळीव हत्ती. २०२२ साली ते गुजरातला हलवायचा प्रस्ताव आला, तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले. २०२५ साली कोल्हापूरजवळच्या नांदणी मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातच्या वनतारा प्राणीकेंद्रात नेली, तेव्हा तर अवघा जिल्हा ढवळून निघाला. पाळीव हत्तीच्या पायातली साखळी आणि काँक्रीटच्या फरशीने झिजलेले तळवे यांबद्दल प्राणीमित्रांचे म्हणणे मला पटते, आणि लोकांचे प्रेमही खरेच होते. मात्र त्या प्रेमाचा दहावा हिस्सा चंदगडच्या उसात उभ्या असलेल्या मोकळ्या हत्तीच्या वाट्याला येत नाही, हे मनाला लागते.

उपाय कोणते? खंदक खणले, तर कोकणच्या पावसात ते वर्षाला ढासळतात. सौर कुंपण चांगले, पण रोज कोणीतरी गवत कापून तार मोकळी ठेवावी लागते. निधी संपला की तारेतली वीज जाते आणि हत्तीला ते फार लवकर कळते. फटाके आणि मशालींनी हाकलले तर कळप चिडतो, फुटतो आणि शेजारच्या गावात घुसतो. पश्चिम बंगालमध्ये अशा हाकणाऱ्या जथ्यांना हुल्ला पार्टी म्हणतात. त्यांच्या अतिरेकाविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहे. आले, हळद, मिरची ही पिके हत्ती टाळतो, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. ते वाचून वसमतच्या हळदीच्या मोंढ्याची आठवण येणारच. पण दोडामार्गच्या शेतकऱ्याला हळद लाव म्हणताना ती उकडायची कुठे, विकायची कुठे, हेही सांगावे लागेल.

मला सर्वांत खात्रीचा वाटतो तो तमिळनाडूतल्या वालपाराईचा धडा. चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या त्या पठारावर हत्ती रात्री वस्तीतून जातात. तिथे अभ्यासकांनी आधी समजून घेतले, की बहुतेक माणसे मरतात ती हत्ती जवळ आहे हे माहीत नसल्यामुळे. मग हत्ती कुठे आहे याचा निरोप संध्याकाळी मोबाइलवर आणि स्थानिक दूरचित्रवाणीवर देणे सुरू झाले, वस्तीच्या वाटांवर दुरून पेटवता येणारे तांबडे दिवे लागले. मृत्यू कमी झाले. छत्तीसगढातही गावोगावच्या तरुणांचे हत्ती मित्र दल हेच काम करते. याला मोठी रक्कम लागत नाही, रोज रात्री जागणारी माणसे आणि त्यांना वेळेवर मिळणारा पगार लागतो. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. हे हवेच. पण मरणानंतरच्या या रकमेच्या शेजारी, मरण टाळण्यासाठी दोडामार्गात किंवा गडचिरोलीतल्या कुरखेड्यात रात्रपाळी करणाऱ्या पोराला आपण काय देतो, हेही मांडून पाहावे.

देशात दरवर्षी सुमारे पाचशे माणसे हत्तींमुळे मरतात आणि शंभराच्या घरात हत्ती विजेने, रेल्वेखाली, विषाने, गोळीने मरतात. २०२३ साली केंद्राने देशातल्या १५० हत्तीवाटा नोंदवल्या आणि त्याच अहवालात विदर्भाच्या व दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवर हत्तींची ये-जा वाढल्याचे म्हटले. आपल्याकडे मात्र याच सीमेवर सुरजागडच्या लोहखाणी फैलावत आहेत आणि वडसा-गडचिरोली रेल्वेमार्ग बांधला जातो आहे. रेल्वेखाली हत्ती मरणे ही आसाम-बंगालची नेहमीची बातमी आहे. तिथे रूळ आधी पडले आणि उपाय नंतर शोधावे लागले. गडचिरोलीत अजून रूळ नवे आहेत, भुयारी वाटा आणि वेगमर्यादा आताच ठरवता येतात. आधी ठरवले तर खर्च थोडा, नंतर ठरवले तर तोच कित्येक पट. हे सांगायला हत्तीतज्ज्ञ लागत नाही.

दायमाबादच्या त्या तीन जनावरांकडे पुन्हा पाहतो. गेंडा महाराष्ट्रातून कायमचा गेला. हत्ती परत आला. आणि तिसरी, रानम्हैस? तीही गडचिरोलीतच, इंद्रावतीच्या काठच्या कोलामार्कात, बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. तिच्यासाठी २०१३ साली ते रान संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या त्रिकुटातले दोघे आज एकाच जिल्ह्यात आहेत, आणि तो जिल्हा राज्यातल्या खनिजाच्या सर्वांत मोठ्या आशेचा जिल्हाही आहे.

हिंगोलीला हत्ती येईल का? माझ्या हयातीत नाही, असे मी म्हणेन. पण २०१९ साली वाघाबद्दल आम्हीही असेच काहीसे म्हटले असते. त्या वर्षी यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ गळ्यात कॉलर घेऊन निघाला. किनवटच्या रानातून, पुसदच्या बाजूने, इसापूरच्या पाण्याकाठाने तो हिंगोली जिल्ह्यात शिरला, पुढे वाशीम, अकोला करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशेच्या आसपास किलोमीटर त्याने मागे टाकले होते, त्यातले कितीतरी तूर-कापसाच्या शेतांतून, रात्री. एवढ्या वाटेत एकच माणूस जखमी झाला, तोही वाघ दडलेल्या झुडपात शिरलेल्या घोळक्यातला. मराठवाड्यात जंगल राज्यात सर्वांत कमी. तरीही पैनगंगेकाठची झुडपी, ओढ्यांच्या कडेची बाभूळबने, गावकुसाबाहेरचे माळ जोडत जोडत त्या वाघाने एक वाट काढली. ती आमच्या कोणाच्या नकाशावर नव्हती. त्या वाटेवरचे ओढे अजून तिथेच आहेत, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्या काठची बाभूळ थोडी थोडी कमी होते आहे.